वाट मोकळी हवी

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली आला, तेव्हापासून फायरबॉल खेळाडूंचा लाडका मंत्र. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो दीडशे फुटांपर्यंत टाकता येतो आणि वीस फूट त्रिज्येतलं सगळं भाजून काढतो. एवढी ताकद हाती देताना नियम जी अट घालतो, ती मला फार सुंदर वाटते.

खेळताना सर्रास म्हणतात, 'दिसलं तरच टाकता येतं.' नियम नीट वाचला तर अट दिसण्याची नाही, वाटेची आहे. मंत्र टाकणारा आणि त्याने निवडलेला बिंदू यांच्यामध्ये सरळ, मोकळी वाट हवी. तावदानापलीकडचा राक्षस स्वच्छ दिसतो, पण काच आड आली की वाट बंद. दाट धुक्यात काहीच दिसत नाही, तरी धुकं वाट अडवत नाही. आगीचा गोळा खुशाल आत जातो. आणि न दिसणाऱ्या जागी नेम धरला, मध्ये भिंत निघाली, तर मंत्र वाया जात नाही. तो भिंतीच्या अलीकडे फुटतो, कदाचित आपल्याच माणसांत. अंदाज चुकल्याची किंमत नियमाने अशी खेळातच वसूल केली आहे.

वाटेची हीच अट स्फोटाच्या बिंदूपासून पुढेही लागू होते. रायपूरला तात्यापाऱ्यात पोरं खेळायला बसतात तेव्हा ती मी शिवणाच्या दोऱ्याने दाखवतो. दोऱ्याचं एक टोक स्फोटाच्या बिंदूवर दाबायचं, दुसरं एकेका सोंगटीकडे ताणायचं. दोरा खांबाला अडला, तर मागची सोंगटी वाचली. फायरबॉलला मात्र ही सवलत मंजूर नाही. त्याच्या वर्णनात एक छोटंसं वाक्य आहे: आग कोपऱ्यांना वळसा घालून पसरते. तिथे दोरा वाकवावा लागतो, आणि खांबामागे निवांत असलेल्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

न दिसता धरलेल्या नेमावरून मला एक जुनी गोष्ट आठवते. रायपूरजवळचं चंदखुरी हे कौसल्येचं माहेर मानतात. तिथे तळ्यात तिचं मंदिर आहे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात दशरथ अखेरच्या रात्री तिलाच शरयूकाठची गोष्ट सांगतो. अंधारात घागर भरल्याचा आवाज आला, हत्ती समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला, आणि तो मुनिकुमाराला लागला. पाचव्या आवृत्तीच्या नियमाने तो बाण बेकायदा ठरत नाही. अंधार नजर अडवतो, वाट नाही. न दिसणाऱ्यावर नेम धरताना वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा, एवढंच.

मला नियमाचं मोठेपण इथेच दिसतं. वाट आहे की नाही, एवढंच तो सांगतो. पलीकडे कोण आहे, हे विचारायचं काम त्याने खेळाडूवर सोडलं आहे. म्हणून धुक्यात आग टाकायला निघालेल्या पोराला मी अडवत नाही. फायरबॉलचे आठ फासे हातात घेण्याआधी तो आत हाक मारतो का, तेवढं बघतो.