बेतलेला सद्गृहस्थ : बाँडपटांतील पोशाखाचा अर्थ

जेम्स बाँडच्या पोशाखाविषयीचे लेखन बहुधा दोन ठिकाणी थांबते. एकीकडे कोणत्या चित्रपटात कोणत्या शिंप्याचा सूट होता याच्या याद्या असतात. दुसरीकडे हा सारा भोगवादाचा नमुना असल्याचा झटपट निकाल असतो. पोशाख ही कथेच्या अर्थनिर्मितीत सहभागी होणारी चिन्हव्यवस्था आहे, हे दोन्हींकडून निसटते. रोलाँ बार्थने १९६७ साली फॅशनविषयीच्या ग्रंथात प्रत्यक्ष वस्त्र, प्रतिमेतील वस्त्र आणि शब्दांतले वस्त्र असा भेद केला होता. बाँडच्या बाबतीत ही तिन्ही वस्त्रे उपलब्ध आहेत : इयन फ्लेमिंगने वर्णिलेले, पडद्यावर दिसणारे आणि शिंप्याने विशिष्ट नटाच्या मापाने बेतलेले. त्यांची एकमेकांशी तुलना केली की एक प्रश्न पुढे येतो. ‘सद्गृहस्थ’ हा जन्मतो, की घडवला जातो?

फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत पोशाख हे प्रामुख्याने ओळखीचे साधन आहे. गडद निळा सूट, काळा विणलेला रेशमी टाय, सी आयलंड सुताचा सदरा हा बाँडचा वेष जवळजवळ गणवेशासारखा स्थिर आहे. इतरांच्या वेषावरून मात्र तो त्यांची पारख करतो. ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ या १९५७ च्या कादंबरीत इंग्रज सहकारी म्हणून भेटलेल्या ग्रँटच्या टायची विंडसर गाठ त्याला खटकते. हा माणूस ‘आपल्यातला’ नाही, असे ती गाठ सुचवते. परंतु बाँड तो आपला पूर्वग्रह समजून सोडून देतो आणि स्वतःचे पिस्तूलही त्याच्या हाती देतो. खूण खरी ठरते, बाँडची सहिष्णुता मात्र जिवावर बेतते. वर्गाची सहजप्रेरणा विवेकाहून अधिक विश्वसनीय आहे, असा या प्रसंगाचा गर्भितार्थ होय. १९६३ च्या चित्रपटात माशाबरोबर मागवलेली तांबडी वाइन ग्रँटचे परकेपण उघड करते. खूण बदलली, तरी तर्क तोच राहिला.

तथापि चित्रपटात या तर्काला एक अडचण होती. खुद्द बाँडची भूमिका करणारा नट त्या वर्गातला नव्हता. शॉन कॉनरी एडिंबरोच्या फाउंटनब्रिज या कामगार वस्तीत वाढलेला. दूध पोचवणे, ट्रक चालवणे, शवपेट्यांना पॉलिश करणे अशी कामे केलेला. ‘डॉ. नो’च्या (१९६२) वेळी दिग्दर्शक टेरेन्स यंगने त्याला आपल्या शिंप्याकडे, लंडनच्या काँड्युइट स्ट्रीटवरील अँथनी सिंक्लेअरकडे, नेले. सदरे टर्नबुल अँड ॲसरकडून शिवून घेतले. पडद्यावर उपजत भासणारा डौल हा वस्तुतः शिंपी, दिग्दर्शक आणि नट यांच्या श्रमाचे फलित होता. ते श्रम दिसू न देणे हीच शैली. ‘गोल्डफिंगर’च्या (१९६४) आरंभी बाँड पाणबुड्याचा पोशाख उतरवतो आणि आत पांढरे डिनर जॅकेट निघते, चुणीही नसलेले. सूट जणू दुसरी त्वचाच आहे, असा भास येथे पूर्णत्वाला जातो.

या भासाला पहिला तडा गेला तो १९६९ साली. जॉर्ज लेझेनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल कॉनरीने न नेलेला सूट सिंक्लेअरकडून मिळवून चाचणीला गेला, ही हकीकत त्यानेच पुढे सांगितली. म्हणजे पोशाख आधी अंगावर आला, भूमिका नंतर. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’चे कथानकही याच प्रश्नाभोवती फिरते, हे लक्षणीय आहे. ब्लोफेल्डला सरदारकीचा वारसा सिद्ध करून हवा असतो आणि बाँड वंशावळीचा अभ्यासक बनून, स्कॉटिश किल्ट घालून त्याच्याकडे जातो. एक तोतया दुसऱ्या तोतयाचे कूळ तपासतो! वेष निभावतो, त्या घराण्याच्या थडग्यांविषयीची चूक बाँडला उघडा पाडते. कपडे मिळवता येतात, पूर्वज मिळवता येत नाहीत, हे येथे कथेनेच मान्य केले आहे.

रॉजर मूरच्या सफारी सूटमध्ये वासाहतिक खाकीची स्मृती सुट्टीच्या पोशाखाचे रूप घेते. पिअर्स ब्रॉस्ननच्या काळात (१९९५ ते २००२) इटलीच्या ब्रिओनीचे सूट आले. ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये (१९९९) नौका पाण्याखाली जात असतानाही तो टायची गाठ सारखी करतो. डौल आता स्वतःचेच विडंबन करू लागतो.

यानंतर, २००६ चा ‘कॅसिनो रोयाल’ दडवलेली गोष्ट बोलून दाखवतो. आगगाडीत व्हेस्पर डॅनियल क्रेगच्या सूटवरून बाँडचा वर्ग वाचते : तो श्रीमंतांच्या शाळेत इतरांच्या दातृत्वावर शिकला आणि हे त्याला विसरू दिले गेले नाही. पुढे त्याच्या मापाचे डिनर जॅकेटही तीच आणते. जिन्यातील हाणामारीनंतर बाँड आरशासमोर रक्त धुतो, सदरा बदलतो आणि पटावर परततो. पूर्वीच्या चित्रपटांत हिंसेला कपड्यांवर बहुधा डाग ठेवू दिला जात नसे. येथे तो डाग पुसण्याची क्रिया दिसते. अखेरीस तीन तुकड्यांचा सूट घालूनच तो आपले नाव उच्चारतो. नाव आणि वेष एकाच क्षणी पूर्ण होतात.

सद्गृहस्थ घडवता येतो, ही कबुली लोकशाहीवादी वाटू शकते. फ्लेमिंगच्या कुलीनतेपेक्षा ती उदार आहेही. परंतु जन्माचा अडसर हटला तेथे किमतीचा अडसर आला. २००८ पासून क्रेगच्या अंगावर आलेला टॉम फोर्डचा सूट दुकानात विकत मिळतो, फक्त तो परवडावा लागतो. शिवाय या घडणीचा मोबदलाही उघड आहे. पोरक्या मुलाला अभिजनांच्या मेजावर जागा मिळते, ती राज्यसंस्थेसाठी माणसे मारण्याच्या अटीवर. कॉनरीच्या निर्दोष सूटने ही अट झाकली होती. क्रेगच्या रक्ताळलेल्या सदऱ्याने ती दाखवली, पण सदरा बदलताच तिचा विसरही पाडला. बाँडच्या लोकप्रियतेचे विवेचन या बदललेल्या सदऱ्याशी न थांबता त्याखालच्या अटीपर्यंत गेले पाहिजे.