बिनआडनावाची प्रेमकहाणी

मलपृष्ठावर ‘या पिढीची प्रेमकहाणी’ असं ठळक छापलेली एक कादंबरी नुकतीच वाचून संपवली. नाव सांगत नाही. फुकटची जाहिरात कशाला? शिवाय तिच्या जागी त्याच फळीवरची दुसरी उचलली असती, तरी फारसा फरक पडला नसता. तो आणि ती राजमाचीच्या ट्रेकला भेटतात. दोघंही हिंजवडीत नोकरीला. पुढची दीडशे पानं ‘मेसेज वाचला, पण उत्तर का नाही दिलं’ या पेचात जातात. शेवटी घरी सांगायची वेळ येते, तर मुलीची आई चक्क शिरा करायला घेते. आपल्याकडे मुलीनं मुलाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ या माउलीला तो सुचत नाही. सुचणार कसा? लेखकानं दोघांनाही आडनावच दिलेलं नाही.

बोकिलांची ‘शाळा’ ही कादंबरी आठवून पाहा. नववीतला मुकुंद जोशी जिच्यासाठी झुरतो, ती त्याच्या तोंडी शिरोडकरच असते. मुलांच्या जगातही आडनाव आधी येतं, हे बोकिलांनी न सांगता सांगितलं.

त्याही मागे गेलं, तर फडक्यांच्या कादंबऱ्यांतल्या नायकांना प्रेम करायला सवड होती आणि खांडेकरांच्या नायकांना प्रेमाचा त्याग करायला. दोघांचंही पुरे झालं. मराठी प्रेमकादंबरीची खरी वाट मला दिसते ती विभावरी शिरूरकरांपासून. त्यांची ‘हिंदोळ्यावर’ १९३०च्या दशकातली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला एका विवाहित पुरुषावर प्रेम करते. हिंदू बाईला तेव्हा इंग्रजी मुलखातला कायदा घटस्फोट देत नव्हता. त्यामुळे मन जडलं एवढ्यावर काही भागत नाही. राहायचं कुठे, मूल झालं तर त्याला नाव कुणाचं, हे प्रश्न दाराशी उभे राहतात आणि प्रेम त्यांच्याशी झगडतच मोठं होतं. गौरी देशपांडे पुढे हीच वाट दूर घेऊन गेल्या. त्यांच्या नायिका सुखवस्तू, शिकलेल्या, परदेशी राहणाऱ्या म्हणून नाकं मुरडली गेली. पण त्या आपलं सुखवस्तूपण लपवत नाहीत. ‘तेरुओ’तली बाई विवाहित आहे आणि प्रेमाची किंमत कोण मोजतंय याचा हिशेब ती वाचकापासून दडवत नाही. मेघना पेठ्यांच्या ‘नातिचरामि’त (२००५) मीरा लग्न मोडल्यानंतरचं शरीर आणि एकटेपण अशा काही रोखठोकपणे मांडते की मलपृष्ठावर ‘हळुवार’ हा शब्द टाकायची कुणाची छाती होऊ नये. गंमत म्हणजे यातलं एकही पुस्तक दुकानात ‘प्रेमकथा’ या पाटीखाली सापडायचं नाही.

कुणी म्हणेल, कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीतल्या त्या भाडेकरूला तरी कुठे नाव आहे? नाही. पण तनय आणि अनुजा, भाऊ-बहीण दोघंही त्याच्यावरच जीव लावतात आणि तो कोण होता हे दोघांनाही उमगत नाही. तिथे निनावीपण हाच घाव आहे. मी वाचलेल्या कादंबरीत ते नुसती सोय आहे.

आणि सोय कुणाची? प्रकाशक म्हणतात, वाचकाला हलकंफुलकं हवं असतं. हाच वाचक २०१६मध्ये ‘सैराट’ला रांगा लावून गेला. त्या सिनेमाचा पूर्वार्ध लोकांनी नाचून डोक्यावर घेतला, पण माझ्या मते प्रेमकथा खरी सुरू होते ती परश्या-आर्ची पळून हैदराबादेत पोचल्यावर. झोपडपट्टीतली पत्र्याची खोली, डोशाच्या गाडीवरचं परश्याचं काम, पाटलांच्या आर्चीनं कारखान्यात धरलेलं काम, दोघांची भांडणं. हे सगळं कादंबरीला जमलं असतं, सिनेमापेक्षा सावकाश आणि खोलवर. पण लेखकांनी मैदान सोडलं.

अशा कथेचा कच्चा माल कुठे शोधायचा, असं विचारू नका. १९५४चा विशेष विवाह कायदा काढून वाचा. लग्नाच्या आधी नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी लागणार, नाव-पत्त्यासकट. मग तीस दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का ते पाहत. या महिन्यात काकाचा मित्र त्या कार्यालयात दस्तनोंदणीच्या कामाला येऊ शकतो, गावाकडून फोन येऊ शकतो, मुलगी घरात कोंडली जाऊ शकते, मुलाची हिंमत सुटू शकते. कादंबरीकाराला आणखी काय हवं? सरकारनं कथानक फळ्यावर टाचून ठेवलंय आणि आमचे प्रेमकादंबरीकार ते वाचायला आत जात नाहीत, कारण आत गेलं की अर्जावर आडनावाचा रकाना भरावा लागतो.