भय ओसरल्यावर काय उरतें?

जुने जर्मन व अमेरिकन भयपट घरबसल्या पाहण्याची सोय झाल्यापासून आमच्या परिचयाच्या कुटुंबांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो : ह्यांतले कोणते पाहावे आणि कोणत्यांवर वेळ दवडूं नये? प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. भयपटांची संख्या अफाट आहे. आणि त्यांतला एखादा भिकार चित्रपट प्रथम हातीं लागला, तर तरुण मंडळी ह्या सबंध प्रकाराकडेच कायमची पाठ फिरवितात. म्हणून निवडीची कांहीं कसोटी असावी असें आम्हांस वाटतें.

लोकांत दोन कसोट्या रूढ आहेत. 'ज्याचें नांव मोठें तो पाहावा' असें एक म्हणतो. 'ज्यानें झोप उडेल तो पाहावा' असें दुसरा म्हणतो. पहिली कसोटी आळशी आहे आणि दुसरी फसवी. भीति नावीन्यावर जगते. ज्या युक्तीनें १९३१ सालचा प्रेक्षक दचकला, तिला आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी हंसतो. दचकणें हेंच माप धरलें, तर बहुतेक जुने भयपट मोडींत काढावे लागतील.

आमच्या साहित्यशास्त्रानें येथें मोठी सोय करून ठेविली आहे. नाट्यशास्त्रांत भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. भयानकाचा स्थायी भाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. रक्ताचे पाट आणि कुजलेलीं शवें दाखवून प्रेक्षकास डोळे मिटावयास लावणारा चित्रपट भयानकाच्या नांवावर बीभत्स खपवीत असतो. तिकडे ॲरिस्टॉटलनें शोकांतिकेचा विचार करतांना भयाची जोडी करुणेशीं लाविली. ह्या दोन्ही विचारांवरून आम्हीं आपल्यापुरती एक कसोटी ठरविली आहे : भय ओसरल्यावर मनांत काय उरतें? कांहीं उरत असेल, तर चित्रपट पाहण्याजोगा. किंबहुना दुसऱ्यांदा पाहण्याजोगाहि.

ही कसोटी प्रथम सर्वांत प्रसिद्ध चित्रपटास लावून पाहूं. टॉड ब्राउनिंगचा 'ड्रॅक्युला' (१९३१) हा बेला लुगोसीचें नांव जगभर करणारा बोलपट. त्याचा प्रारंभींचा किल्ल्यांतील भाग खरोखर उत्कृष्ट आहे. तो भव्य जिना, तें प्रचंड कोळ्याचें जाळें आणि उमरावाचें तें संथ, परकें बोलणें मनावरून पुसलें जात नाहीं. परंतु कथा इंग्लंडांत पोंचतांच चित्रपटाचें नाटक होतें. मूळ कादंबरीवरून रचलेल्या रंगभूमीवरील नाटकाची त्याच्यावर दाट छाया आहे. दिवाणखान्यांत उभीं राहून माणसें घडलेल्या गोष्टी एकमेकांस सांगूं लागतात. भय ओसरतें आणि उरतो तो केवळ एक नट.

उलट मुर्नाऊचा 'नॉस्फेरातू' (१९२२) हा जर्मन मूकपट पाहा. तो त्याच कादंबरीवरून, परंतु परवानगीवांचून काढलेला. ब्रॅम स्टोकरच्या विधवा पत्नीनें दावा लाविला आणि न्यायालयानें त्याच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कांहीं प्रती वांचल्या, म्हणून आज तो आपणांस पाहावयास मिळतो. ह्यांतला पिशाच्च उमराव देखणा नाहीं. तो गलबतावरून उंदरांसह येतो आणि त्याच्यामागोमाग गांवांत प्लेग येतो. रस्त्यांतून शवपेट्या चालल्या आहेत आणि एक स्त्री खिडकींतून ती रांग पाहते आहे. १८९६-९७ सालच्या मुंबई-पुण्यांतील प्लेगच्या हकीकती ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

जेम्स व्हेलच्या 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) ह्या चित्रपटाबाबत आमची एक चूक कबूल केली पाहिजे. विद्यार्थिदशेंत मित्रांबरोबर आम्हीं तो पाहिला, तेव्हां प्रयोगशाळेंतील ठिणग्यांना आणि बोरिस कार्लोफच्या जड चालीला आम्ही पोट धरून हंसलों. पुढें मेरी शेलीची मूळ कादंबरी (१८१८) वर्गांत शिकवितांना तो पुन्हां पाहिला आणि त्या हंसण्याची लाज वाटली. नव्यानेंच जन्मलेल्या त्या जीवावर छपरांतून उजेड पडतो. तो हात वर करून उजेड धरूं पाहतो, आणि उजेड बंद केला जातो. पुढें तळ्याकाठीं एक लहान मुलगी त्यास फुलें देते. फुलें पाण्यावर तरंगतात हें पाहून तो हर्षतो. हातांतलीं फुलें संपतात, तेव्हां तो मुलीसच पाण्यांत टाकतो. तीहि तरंगेल अशी त्याची भाबडी समजूत.

सेन्सॉरच्या कात्रीमुळें ह्या प्रसंगाचा शेवट कित्येक वर्षें प्रेक्षकांस दिसत नसे. मुलीकडे हात जातांच दृश्य तुटे आणि पुढें बापाच्या हातांत तिचें प्रेत दिसे. मध्यें काय झालें असावें ह्याची प्रेक्षक जी कल्पना करी, ती मूळ प्रसंगाहून कितीतरी ओंगळ असे. निरागसपणा तेवढा कापला गेला आणि राक्षस राहिला. तो भाग १९८० नंतरच्या दशकांत पुन्हां जोडण्यांत आला. म्हणून पाहावयाची ती पूर्ण प्रतच. ती पाहिल्यावर भय त्या प्राण्याचें वाटत नाहीं. जन्म देऊन टाकून देणाऱ्याचें वाटतें.

तिसरें उदाहरण 'कॅट पीपल' (१९४२) ह्याचें. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तुर्नर, आणि भांडवल अगदीं बेताचें. सर्बियांतून अमेरिकेंत आलेली इरेना ही स्त्री, आपण पतीच्या निकट गेलों तर आपलें हिंस्र श्वापदांत रूपांतर होईल, ह्या धास्तीनें त्याच्यापासून दूर राहते. पोहण्याच्या तलावावरील प्रसंगांत अंधार आहे, छतावर हालणारें पाण्याचें प्रतिबिंब आहे, एक सांवली आणि एक गुरगुर आहे. श्वापद असें समोर येत नाहीं. वाच्यापेक्षां व्यंग्य श्रेष्ठ, हा आपल्या ध्वनिकारांचा सिद्धांत ह्या अल्प खर्चाच्या चित्रपटानें नकळत पाळला आहे. आणि शेवटीं उरते ती, जिचें म्हणणें कोणीच खरें मानलें नाहीं अशा एका स्त्रीविषयींची कणव.

ह्यावर कोणी म्हणेल, भिण्यांतच मौज आहे. आणखी कांहीं उरावें असा हट्ट कशास? जत्रेंतल्या उंच पाळण्यांत बसण्याची मौज आम्हांसहि ठाऊक आहे, आणि तिचा आम्हांस तिटकारा नाहीं. परंतु पाळण्यांतून उतरल्यावर त्याविषयीं बोलण्यासारखें फारसें राहत नाहीं. चित्रपटास घरांतील सर्वांची एक संध्याकाळ द्यावयाची, तर त्याच्याकडून थोडी अधिक अपेक्षा करण्यांत अन्याय नाहीं.

तेव्हां आमची शिफारस अशी. आरंभ 'फ्रँकेन्स्टाइन'नें करावा. मग 'कॅट पीपल' पाहावा. मूकपटाची संवय नसणारास 'नॉस्फेरातू' थोडा जड जाईल, म्हणून तो तिसरा. 'ड्रॅक्युला' सर्वांत शेवटीं, आणि त्यांतहि किल्ल्यांतील भाग मन लावून. ह्यांची गोडी लागली, तर हेन्री जेम्सच्या कथेवरून काढलेला 'द इनोसंट्स' (१९६१) अवश्य पाहावा. आणि चित्रपट संपल्यावर मुलांना 'भीति वाटली का?' एवढेंच विचारून थांबूं नये, 'कोणासाठीं वाटली?' हेंहि विचारावें. त्या उत्तरावरून पुढचा चित्रपट कोणता निवडावा हें बरेंचसें कळेल.