‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांमधील अंतर

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. त्यामुळे सहभावाचा प्रश्न मराठी लेखकापुढे केवळ आशयाचा राहत नाही. तो सर्वनामाच्या निवडीतून प्रत्येक वाक्यात उभा राहतो. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांच्या वाङ्मयीन कर्तृत्वाचा विचार या अंगाने व्हावयास हवा.

त्यांच्या आत्मकथनाचे शीर्षक आहे ‘नाही मी एकला’. येथे जवळीक नकारातून व्यक्त होते. शब्दही ‘एकटा’ नव्हे, ‘एकला’ आहे. ‘एकटा’ हा आधुनिक परात्मतेचा शब्द, तर ‘एकला’वर जुन्या भक्तिकाव्याच्या भाषेची सावली आहे. ख्रिस्ती धर्मगुरूचे आत्मभान या भाषेत सहज वावरते, यात नवल नाही. वसईच्या गावांत कादोडी बोली ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण या दोन्ही समाजांच्या घरांत बोलली जाते. धर्माने वेगळे केलेले शेजारी तेथे क्रियापदांनी जोडलेले आहेत.

तरीही समीक्षेने अशा लेखकांचा गौरव बहुधा ‘ख्रिस्ती असूनही’ या शब्दांत केला. ‘असूनही’ या अव्ययात जवळीक नाही, सवलत आहे. उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाच्या (२०२०) अध्यक्षपदी दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा त्यांच्या धर्मावरून आक्षेप घेतले गेले. गौरव आणि आक्षेप या दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत होते: मराठीचे ‘आपण’ आधीच ठरलेले असून इतरांना त्यात प्रवेश द्यावयाचा असतो. वास्तविक एकरूपता ही सहभावाची पूर्वअट नव्हे. भेद उरतो म्हणूनच सहभावाला अर्थ येतो.

मात्र हीच कसोटी वसईलाही लावली पाहिजे. ‘हरित वसई’च्या आंदोलनाने विहिरी, वाड्या आणि शेती यांच्या रक्षणासाठी भिन्न समाजांना एकत्र आणले. त्या एकीचा आधार भूमी हा होता. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत घर शोधत आलेल्या, पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाजवळ ती भूमी नव्हती, तिची स्मृतीही नव्हती. त्याच्या दृष्टीने भूमिपुत्रांचे ‘आपण’ हे ‘आम्ही’च ठरण्याचा संभव होता. शुभवर्तमानातील भल्या शोमरोनीची कथा शेजारी कोण हे सांगत नाही. शेजारी व्हावे लागते, असे सुचवते. वसईच्या साहित्याची पुढील परीक्षा या नवागताला ते कोणत्या सर्वनामाने संबोधते, यावर होईल.