ग्रिमबंधूंची सावत्र आई

जर्मन परीकथेवरील एखादें संगीतक किंवा चित्रपट पाहून आलेला सुशिक्षित प्रेक्षक बहुधा एकच तक्रार करतो : मूळ कथेचा विपर्यास झाला. ही तक्रार आम्हींही वर्गांत अनेक वर्षें केली. पण याकोब व विल्हेल्म ग्रिम यांच्या संग्रहाच्या आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्यापासून ती उच्चारण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. कारण पहिली कात्री चालविली ती खुद्द ग्रिमबंधूंनींच.

हिमगौरीची कथा घ्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तींत खिडकीशीं शिवीत बसलेल्या राणीच्या बोटाला सुई टोंचते. बर्फावर पडलेले रक्ताचे थेंब पाहून तिला तशाच रंगाच्या मुलाची आस लागते. मूल होतें. तें सात वर्षांचें होऊन आपल्याहून सुंदर ठरतांच हीच राणी त्याच्या जिवावर उठते. मागणारी तीच, मारणारीही तीच! १८१९ च्या आवृत्तींत मागणारी आई बाळंतपणांत मरते आणि मारण्याचें काम सावत्र आईकडे जातें. एका बाईच्या अशा दोन बायका झाल्या. हान्सेल व ग्रेटल यांना अरण्यांत टाकून येण्यास नवऱ्याला भरीस घालणारी लांकूडतोड्याची बायको तर १८४० च्या आवृत्तीपर्यंत त्यांची सख्खी आईच होती.

हेतु चांगलाच असावा. संग्रह मुलांच्या हातीं जाऊं लागला होता; १८२५ सालीं पन्नास कथांची लहान आवृत्तिही निघाली. परंतु घरांतील भाकरी संपली म्हणजे आईच्या मायेचें काय होतें, हा त्या कथेंतील भयंकर प्रश्न या दुरुस्तीनें नाहींसा झाला. दोष बाहेरून आलेलीच्या माथीं गेला, घर निर्दोष ठरलें. (आमच्या आजीबाईंच्या गोष्टींतही सावत्र आईची नेमणूक याच कामावर असते.)

१९३७ चा डिस्नेचा चित्रपट याच वाटेनें पुढें गेला. बर्फाकडे पाहून मूल मागणारी राणी त्यांत नाहींच. आरंभापासून दुष्ट सावत्र आई तयार आहे. मूळांतील राणी तीन वेळां वेष पालटून येते. नाडी, फणी आणि मग सफरचंद. फसलेली पोर पुन्हां पुन्हां फसते, यांतच तिचें एकाकीपण आहे. पडद्यावर एक सफरचंद पुरेसें झालें. बुटके मात्र अप्रतिम आहेत, आणि त्यांच्यासाठीं आम्ही तो चित्रपट दोनदां पाहिला हें कबूल केलेंच पाहिजे.

आमच्या मतें या सर्वांत खरें रूपांतर हुम्परडिंक याच्या संगीतकाचें. २३ डिसेंबर १८९३ रोजीं वायमार येथें तें प्रथम झालें. संचालन रिखार्ड श्ट्राउस याचें होतें आणि संहिता हुम्परडिंकची बहीण आडेलहाइड वेट्टे हिची. तिनें कथा अधिकच बदलली. मुलांना टाकून देण्याचा बेतच काढून टाकला. पण तिनें आई परत आणली. ही आई दमून घरीं येते, मुलें काम टाकून नाचतांना पाहते, संतापाच्या भरांत तिच्याच हातून घरांतलें उरलेंसुरलें दूध सांडतें, आणि ती मुलांना स्ट्रॉबेऱ्या वेंचावयास रानांत पिटाळते. मग एकटीच रडते, देवाजवळ अन्न मागते आणि बसल्या जागीं झोंपी जाते. नवरा झाडू विकून शिधा घेऊन येतो. मुलें कोठें आहेत, असें तो विचारतो. आणि रानांतल्या चेटकिणीचें नांव त्याच्या तोंडून निघतांच तीं दोघें काळोखांत तशींच धांवत सुटतात.