विस्मयाची जागा

फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी मराठीत जे लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक लेखनाचा आरंभ एकाच उद्गाराने होतो : एका इंग्रजाने इतकी रसाळ मराठी लिहावी! १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या जेझुइट धर्मगुरूने १६१६ मध्ये सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला, हे नवल खरेच. पण ते ग्रंथकर्त्याचे नवल झाले, ग्रंथाचे नव्हे. त्या ग्रंथकर्त्याला स्वतःला ज्याचे नवल वाटत होते, तिकडे आमचे रसिक क्वचितच वळतात. ‘ख्रिस्तपुराणा’च्या समीक्षेतील मुख्य उणीव आमच्या मते हीच होय.

ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती श्रोता विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी नवे पुराण का देत नाही? हा प्रश्न मार्मिक आहे. धर्माची तत्त्वे त्याला शिकविली जात होतीच. त्याला हवी होती ती पुनःपुन्हा ऐकावी अशी कथा. ही पोकळी मिशनऱ्यांनी व त्यांच्या पाठीशी असलेल्या राज्यसत्तेनेच निर्माण केली होती, हेही विसरून चालणार नाही. परंतु केवळ सिद्धांतावर श्रद्धा जगत नाही, हे स्टीफन्सने ओळखले.

काशीकर मराठी वाचकास हे निराळे समजावून सांगावयास नको. गंगेच्या पैलतीरी रामनगरला एकतीस दिवस रामलीला चालते. विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. गावातलीच स्थळे अयोध्या, जनकपूर, लंका होतात आणि प्रेक्षक लीलेच्या मागोमाग चालत जातात. कथेचा शेवट कोणास ठाऊक नसतो? तरीही आरतीच्या उजेडात त्या बालस्वरूपांकडे पाहताना लोक हात जोडतात. नवे काही कळल्याचा हा विस्मय नव्हे. ठाऊक असलेले समोर उभे राहिल्याचा आहे. कॅथलिक परंपरेतही याला जोड आहे. १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने गव्हाण मांडून तिथे खरेखुरे बैल व गाढव आणविले, ते याच ओढीने. देव मनुष्य झाला, हे वाक्य पाठ होते. गवतावरचे मूल पाहावे लागते.

स्टीफन्सने ही गव्हाण ओवीत मांडली. एकनाथांचे भागवत १५७३ मध्ये काशीसच पूर्ण झाले, तुलसीदासांनी ‘मानसा’ला १५७४ मध्ये आरंभ केला, ‘ख्रिस्तपुराण’ त्याच अर्धशतकातले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. त्या चौथ्या चरणापाशी श्रोता क्षणभर थबकतो, आणि विस्मयाला नेमकी तेवढीच जागा लागते. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यात केवळ सोय नाही. परकी कथा ओळखीच्या अंगणात येते, आणि ओळखीचा शब्द नव्याने उजळतो.

मात्र सारा ग्रंथ या उंचीवर राहत नाही. जिथे मूर्तिपूजेचा धिक्कार आणि शंकासमाधान सुरू होते, तिथे कवी मागे सरतो व वादी पुढे येतो. वाद्याला सर्व काही आधीच ठाऊक असते. त्याला कशाचेच नवल वाटत नाही. म्हणूनच ते भाग आज निर्जीव वाटतात, तर येशूच्या जन्माचा व मरणाचा भाग अख्रिस्ती वाचकालाही धरून ठेवतो.

या पुराणाचे पुढे जे झाले, त्यातही हाच धडा आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने लोकभाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. जी भाषा ऐकून हृदय हलावे, तीच सत्तेच्या दृष्टीने अडसर ठरली. ग्रंथ मूळचा रोमन लिपीतला. १९०७ ची मंगळूर येथील आवृत्तीही रोमनच. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला, तेव्हा कोठे तो सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडला.

हाती पडला, पण तो कानी पडला आहे काय? परकीयाच्या मराठीचे कौतुक करून आपण तो कपाटात ठेवीत असू, तर त्याची निंदा करणाऱ्याहून आपण फारसे वेगळे नाही. रामायणी ज्याप्रमाणे ‘मानस’ मोठ्याने गातात, त्याप्रमाणे दुसऱ्या पुराणातील एखादा अवस्वरू रसिकांनी एकदा मोठ्याने वाचून पाहावा. मतभेद राहतील, आणि ते राहावेतही. पण स्टीफन्स कशापुढे थबकला होता, एवढे तरी तेव्हा ऐकू येईल.