घाईच्या जगात संथ सूर

'हल्ली काय करता?' हा प्रश्न निवृत्त माणसाला वारंवार विचारला जातो. 'काही नाही' असे सरळ उत्तर द्यायची आपल्याला लाज वाटते. म्हणून नातवंडांना गानमधून आणणे, कुपात होलीमच्या फेऱ्या, बाजारहाट अशी कामांची यादी आपण घाईघाईने पुढे करतो. ज्याच्या हाताला काम नाही त्याला किंमत नाही, हे जणू आपणही मान्य करून टाकले आहे. या समजुतीला एकही शब्द न उच्चारता उत्तर देणाऱ्या एका ध्वनिमुद्रिकेविषयी वाचकांना सांगावेसे वाटते.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराची 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही ध्वनिमुद्रिका १९७८ साली निघाली. तिचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत १९३४ साली निघालेली 'म्युझॅक' ही कंपनी कालांतराने कारखान्यांना व कचेऱ्यांना तारेवरून संगीत पुरवू लागली. पुढे तिने पंधरा-पंधरा मिनिटांचे कार्यक्रम बसवले. त्यांत गाणी क्रमाक्रमाने अधिक जोमदार होत जात आणि नंतर तेवढाच वेळ शांतता असे. कामगार मरगळू नये आणि उत्पादन वाढावे, हा त्यामागचा हेतू. सुरालाच मुकादम करून टाकले म्हणा ना!

ईनोने नेमके उलट केले. ऐकणाऱ्याला हुशारी आणण्याऐवजी त्याला शांत करावे, विचार करायला जागा द्यावी, असे संगीत त्याला हवे होते. लक्ष दिले तर त्यात पाहण्याजोगे काही असावे, न दिले तरी त्याची तक्रार नसावी. मुद्रिकेत चार भाग आहेत. पहिल्या भागात रॉबर्ट वायट यांच्या पियानोचे मोजके सूर सुमारे सतरा मिनिटे येत-जात राहतात. दुसऱ्यात नुसते मानवी आवाज आहेत. प्रत्येक सुराचा टेपवरचा फेरा वेगळ्या लांबीचा आहे. एक साडेतेवीस सेकंदांनी परततो, दुसरा जवळजवळ सव्वीस सेकंदांनी, आणखी एक तिसाच्या आसपास. हे हिशेब जुळत नाहीत, म्हणून तेच सूर दर वेळी नव्या सोबतीने भेटतात. कंटाळा येत नाही तो यामुळे.

आपल्या कानांना विलंबित आलाप परका नाही. पण आलाप कुठेतरी निघालेला असतो, पुढे द्रुत लय येणार हे आपण जाणतो. इथे तसे काही येत नाही. गायक उठून जावा आणि तानपुरा तसाच झंकारत राहावा, असे वाटते. माझ्या मते पहिला भाग सर्वोत्तम. दुसऱ्यातील शब्दहीन आवाज मात्र कीर्तनावर आणि तफिल्लावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना प्रथम पोकळ वाटतील. गुणगुणण्यासाठी एखादी चाल शोधणारा तर रिकाम्या हातानेच परतेल. हा या मुद्रिकेचा उणेपणा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

खरी खंत वेगळीच आहे. आज याच जातीचे संगीत 'एकाग्रता वाढवा, काम भरभर उरका' असे सांगून विकले जाते. मुकादम मागच्या दाराने परत आला!

इथे आपल्या लोकांना बोलण्याचा अधिकार आहे. कोकणात आपल्याला 'शनवार तेली' म्हणत. हे नाव आपल्याला काम करण्यावरून जेवढे मिळाले, तेवढेच काम न करण्यावरून मिळाले. शनिवारी घाणा थांबे. रविवारी तेल जास्त निघावे म्हणून तो थांबत नसे, शब्बाथ आहे म्हणून थांबे. विसावा हे कामाचे साधन नव्हे, ही गोष्ट त्या गरीब तेल्यांना ठाऊक होती.

शब्बाथला यंत्र लावायचे नाही, हे खरे. पण आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी नातवंडाला फोनवर हा पहिला भाग लावायला सांगा. आवाज लहान ठेवा. मधेच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. आणि त्या सतरा मिनिटांत काय केले असे कोणी विचारले, तर 'काही नाही' म्हणून न लाजता सांगा.